पाथर्डी फाट्याची खोली

सिंधुबाईने आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही नाशिकचं.

म्हणजे त्याआधी ती कधी गाडीत बसली नव्हती असं नाही. उलट हिंडण्याच्या बाबतीत पगाऱ्यांचा हात धरणारं मनमाडच्या रेल्वे कॉलनीत कोणी नव्हतं. नवरा सहादू पगारे रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आणि वर्षाचे पास ठरलेले. त्या पासावर सिंधुबाईने नागपूरची दीक्षाभूमी पाहिली, सांची पाहिली, बोधगया पाहिलं, एकदा तर थेट कन्याकुमारीच्या समुद्रात पाय बुडवून आली. पण तासा-सव्वातासावरचं नाशिक तेवढं राहून गेलं. रेल्वेवाल्यांचं असंच असतं. हातात मोजके पास, त्यातला एक नाशिकसाठी घालवायचा म्हणजे पैठणी फाडून फडकं करण्यातला प्रकार. "नाशिक काय, कवाबी जाऊ," असं सहादू म्हणायचा. तसं म्हणता म्हणताच दोन वर्षांपूर्वी ड्यूटीवर असताना छातीत कळ येऊन तो गेला.

आता जाणं भाग होतं. दोन हजार चारचा डिसेंबर चालू होता आणि जानेवारीअखेर क्वार्टर रेल्वेला परत करायचं होतं. मुलगा बुद्धभूषण वडिलांच्या जागी लागलेला, पण नेमणूक भुसावळला. मुलगी तेजल निफाडच्या पंचायत समितीत क्लार्क. ती मनमाडहूनच गाडीनं ये-जा करायची. एक जानेवारीपासून तिची बदली नाशिकला झाली होती. म्हणजे एक लेकरू अपला, एक डाउनला, आणि मधे सिंधुबाई सामानासकट उभी. भूषणचं म्हणणं, आईनं भुसावळला यावं. तेजलचं म्हणणं, नाशिकला यावं. "शनिवार-रविवार चल तर खरं. गाव बघ, खोली बघ, मग ठरव," असं तेजलनं टुमणं लावलं होतं, आणि सिंधुबाईही मनातून अधीरच होती. भूषणला तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की बघून येते. राहायचं काही बोलली नव्हती.

तर शनिवारी सकाळी दोघी मायलेकी नाशिक रोडला उतरल्या. सिंधुबाईने पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला आणि इकडंतिकडं बघितलं.

"हेच का नाशिक?"

"हे नाशिक रोड, आई. नाशिक अजून नऊ-दहा किलोमीटर पुढं आहे."

"मंग गाडी हितं कशाला थांबती? गाव तिकडं आन् टेसन हिकडं? बांधलं कोणी असलं?"

"इंग्रजांनी."

"त्यांना गावात जायचंच नसंल," सिंधुबाई म्हणाली आणि जिन्याकडं निघाली.

सिटी बसमध्ये तिनं खिडकी पकडली. कंडक्टर आला तसा तिकिटाआधी तिनं त्यालाच विचारलं, "काहो दादा, तुमच्या हितं नळाला पाणी किती दिसांनी येतं?"

"मावशी, जायचंय कुठं?"

"शालिमारला. पर पाणी?"

"रोज येतं," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या सीटकडं वळला.

सिंधुबाई लेकीच्या कानाशी लागली. "खोटं बोलतोय बघ. सरकारी मानूस हाय, त्याला तसंच सांगावं लागत असंल."

आता यात हसण्यासारखं काही नाही. मनमाडच्या नळाला त्या वर्षी अठरा दिवसांनी पाणी येत होतं. दिवाळी दारात आणि नळ कोरडा, हे तिथल्या बायकांनी इतकी वर्षं काढलेलं होतं. मनमाडच्या घरात पाहुणा आला की आधी ड्रमाकडं नजर जाते आणि मग पाहुण्याकडं, आणि त्यात पाहुण्यालाही काही वाटत नाही, कारण त्याच्याही घरी तेच. अशा बाईनं नव्या गावात पाय ठेवल्यावर दुसरं काय विचारावं?

तिनं तो प्रश्न शालिमारला भाजीवालीला विचारला, मेन रोडला स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला विचारला, भांड्यांच्या दुकानात तर पातेल्याचा भाव विचारण्याआधी विचारला. सगळ्यांनी एकच सांगितलं. सिंधुबाई प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि प्रत्येक वेळी तिचा संशय वाढायचा. सगळं गावच जर एक बोलत असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय, असा तिचा हिशोब.

रामकुंडावर मात्र ती गप्प झाली. काठावर माणसं बुडी मारत होती, कुणी कपडे धूत होतं, कुणी राख घेऊन आलेलं. तेजलला वाटलं, आईला हे काही रुचायचं नाही. छप्पन्न सालानंतर पगाऱ्यांच्या घरात ना देव्हारा राहिला ना तीर्थ. पण सिंधुबाई पायऱ्या उतरून खाली गेली, पाण्याच्या जवळ उकिडवी बसली आणि किती तरी वेळ नुसतं बघत राहिली.

"पाया पडतेस की काय?" तेजलनं चिडवलं.

"पाया कशाला पडू? पाणी बघते. हे आसंच वाहून जातं का गं पुढं? कोणी आडवत नाही?"

"पुढं धरणं आहेत."

"आन् बाया हितंच कपडे धुत्यात, पाण्याला पाणी म्हनत नाहीत." तिनं जीभ चावली. "चांगलंय बाई. कुणाचं तरी चांगलं चाललंय."

तिथून वर चढून काळाराम मंदिराकडं जायचं हे मात्र सिंधुबाईने घरूनच ठरवून आणलेलं होतं. तिचे सासरे कोंडाजी तीस सालच्या सत्याग्रहाला मनमाडहून पायी गेले होते. त्या वेळी खांद्यावर बसलेला पोलिसाचा दांडा ते मरेपर्यंत, हवा बदलली की, चोळत बसायचे. सिंधुबाई नवी नवरी असताना तोच खांदा तेलानं रगडायचं काम तिच्याकडं होतं. ती मंदिराच्या दाराबाहेर उभी राहिली. आत बाया येत-जात होत्या, बाहेर फुलवाल्यांची गर्दी होती.

"आता अडवतं का कोणी?"

"आता कोण अडवणार, आई? जायचंय आत?"

सिंधुबाईने जरा विचार केला. "छे गं. मामंजींना आडवलं हुतं म्हणून त्यांना जायचं हुतं. मला कोणी आडवत नाय, तर मी कशाला जाऊ? दार बघायचं हुतं, बघितलं. चल, भूक लागली."

मग दोघींनी मिसळ खाल्ली. सिंधुबाईने रस्सा तीनदा मागवला, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत खाल्ली आणि गल्ल्यावरच्या माणसाला मटकी कुठून आणता, भिजवता किती वेळ, कांदा कधीचा, असं सगळं विचारून घेतलं. तिला नाशिक आवडायला लागलं होतं. तसं तिनं लेकीला सांगितलं नाही एवढंच.

दुपारी त्या पाथर्डी फाट्याला पोचल्या. तीन मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर दोन घरं, तळमजल्यावर मालकीण अंबूबाई. दारावर बुद्धाची तसबीर बघून सिंधुबाईचा जीव भांड्यात पडला. आपलीच माणसं आहेत, म्हणजे झालंच काम. तिनं हात जोडून "जय भीम" केला.

"जय भीम, जय भीम. बसा." अंबूबाई साठीच्या, अंगानं भरलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मिस्टर वारल्यापासून इमारत एकहाती सांभाळत होत्या आणि ते त्यांच्या बसण्यातच दिसत होतं. "मी तेजलला सांगितलंच आहे. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, आजची रात्र राहून बघा. मी राहायला सांगते सगळ्यांना. तुम्हालाही कळतं, मलाही कळतं. माझे नियम दोनच. एकट्या मुलीला मी जागा देत नाही. आणि सकाळी सातच्या आत इमारतीत आवाज नको. सगळे अंबडच्या, सातपूरच्या कारखान्यांतले शिफ्टवाले. झोप महत्त्वाची." मग त्यांनी थेट विचारलं, "ताई, तुम्ही कायम राहणार ना हिच्याजवळ?"

सिंधुबाई तोंड उघडणार तोच तेजल म्हणाली, "हो, राहणार आहे आई. कायमच."

सिंधुबाईने लेकीकडं बघितलं. तेजलनं जमिनीकडं बघितलं. अंबूबाईंनी चावी दिली.

दोघी वर खोलीत आल्या. खोली छान होती. पुढं गॅलरी, गॅलरीतनं त्रिरश्मी बौद्ध लेण्यांचा डोंगर समोर उभा. उद्या सकाळी तिथं जायचं असंही ठरलेलं. पण सिंधुबाई गॅलरीत गेलीच नाही.

"मला इचारलं व्हतं का तू?"

"आई, ऐक ना..."

"नाय, मला सांग. मी कवा म्हणले राहणार? भूषणला मी काय तोंड दाखवू? पोरगा जिता असताना आई लेकीच्या दारात जाऊन बसली, असं सगळी भावकी बोलंल. ते ऐकायचं मी का तू?"

"सात घरं बघितली मी," तेजल म्हणाली. तिचा आवाज चढला. "तीन ठिकाणी आडनाव ऐकलं आणि खोली कालच गेली म्हणाले. चार ठिकाणी एकटी आहे म्हणून नाही. एकानं तर विचारलं, लग्न का नाही झालं, काही भानगड आहे का. मी काय करायचं? हे आठवं घर आहे."

"आस्सं. म्हणजे मी तुला कडीकुलपापुरती हवी. दाराला लावायला."

हे बोलायला नको होतं. तेजलचा चेहरा खर्रकन उतरला. ती पिशवीतलं अंथरूण काढून घड्या मोडत बसली, आणि सिंधुबाईला आपलं चुकलं हे कळलं. पण माघार घ्यायची सवय पगाऱ्यांच्या घरात मुळातच कुणाला नव्हती.

तेवढ्यात तेजलचा मोबाईल वाजला. भूषणच होता. तेजलनं फोन आईच्या हातात दिला.

"आई, झालं ना बघून? उद्या सरळ भुसावळची गाडी पकड. मी येतो स्टेशनवर."

"अरे, क्वार्टरमधलं सामान..."

"ते मी बघतो. तू आलीस की सविता दुपारचं शिवणाचं काम घेणार आहे. पोरांना शाळेतनं आणायला, खायला द्यायला घरात कोणीतरी पाहिजे. तू आलीस की सगळं सोपं होईल बघ. आणि आई, तेजूचं काही मनावर घेऊ नकोस. लोक काय म्हणतील याचा तिला पत्ताच नसतो."

मागून सुनेचा आवाज आला. "अहो, द्या जरा इकडं." मग सविताच बोलली, "आत्या, बरी आहे का जागा? ऊन येतं का? हवा?"

"येतं की. डोंगर दिसतो समोर."

"हो का?" सविता जरा थांबली. "बघा मग तुम्ही निवांत. यांचं नका ऐकू, यांना सगळं कालच्या काल लागतं."

सिंधुबाईने फोन ठेवला. लेकीला दारासाठी आई पाहिजे, लेकाला पोरांसाठी पाहिजे. सिंधुबाईला काय पाहिजे हे त्या दिवसभरात एकानंही विचारलं नव्हतं. सवितेनं निदान ऊन येतं का ते तरी विचारलं. सिंधुबाईला भयंकर राग आला, आणि राग आला की ती कामाला लागायची, तशी ती लागली.

तिनं खोली झाडली. मोरीत रंगाचे दोन रिकामे ड्रम आणि बादली-मग पडले होते, आधीच्या भाडेकरूचे, ते विसळून ठेवले. स्वयंपाकघरात दोन नळ होते. अंबूबाईंनी सांगितलं होतं, एक टाकीचा, तो चालूच असतो, दुसरा म्युनिसिपालटीच्या लाइनचा, तो पहाटे येतो. हे पहाटे येणारं पाणी सिंधुबाईच्या ओळखीचं होतं. टाकीचं काय, टाकी कधीही संपते. तिनं लाइनचा नळ पूर्ण उघडा सोडला, त्याखाली डब्यातली स्टीलची ताटली पालथी घातली आणि झोपली. मनमाडला सगळ्या बायका असंच करतात. पाण्याचा पहिला थेंब ताटलीवर वाजला की झोप मोडते. सिंधुबाईची तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

पावणेपाचला नळातनं आधी खर्रर्र हवा आली, मग दोन थेंब, मग ताटली खणाणली.

सिंधुबाई ताडकन उठली. त्या क्षणी ती नाशिकमध्ये नव्हतीच. बादली भरली, मग भरला, दोन्ही ड्रम, जेवणाचा डबा, डब्याची झाकणं, पाण्याची बाटली, तेजलचा साबणाचा डबासुद्धा भरला. पाण्याला काय जोर! पाच मिनिटांत सगळं काठोकाठ, तरी नळ आपला धो धो. आणि इमारत? इमारत ढिम्म. एक दार वाजेना, एक बादली खडखडेना. माणसं मेल्यागत झोपलेली, आणि पाणी चाललंय.

इथं सांगायला हवं की सिंधुबाईच्या चाळीत, म्हणजे क्वार्टरांच्या त्या ओळीत, एक नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण होता. ज्याला पहिल्यांदा पाणी आल्याचं कळलं त्यानं गप्प बसून एकट्यानं भरायचं नाही. त्यानं आधी ओरडायचं. एकदा एका बाईनं मुकाट्यानं भरून घेतलं, तर तिच्या लेकीच्या लग्नात ओळीतली एक बाई पोळ्या लाटायला गेली नाही. आणि तीस वर्षं त्या ओळीत पहिली हाक कुणाची असायची? सिंधुबाईची. त्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

ती ग्लास घेऊन जिन्यात आली आणि समोरच्या दारावर दणादणा ग्लास आपटला.

"पाणी आलं होऽऽ! उठा! पाणी आलंऽऽ!"

 मग खालच्या मजल्यावरची दोन्ही दारं. जिन्यात आवाज असा घुमला की तिचा तिलाच उत्साह आला. "आहो उठा की! झोपता काय? जाईल ना पाणी!"

दिवे भसाभस लागले. समोरच्या घरातला चंदर, जो सेकंड शिफ्ट करून रात्री एक वाजता झोपला होता, लुंगी सावरत बाहेर आला. त्याच्या मागं त्याची बायको तृप्ती तान्ह्या पोराला छातीशी धरून. "काय झालं? आग लागली का?" खालून कुणी तरी टाकी फुटली म्हणून मोटार बंद करायला पळालं. पहिल्या मजल्यावरचे एक काका कागदपत्रांची पिशवी घेऊनच बाहेर आले.

"आग नाय हो, पाणी! पाणी आलंय!" सिंधुबाई हसून म्हणाली. "भरून घ्या लवकर."

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"मावशी," चंदर डोळे चोळत म्हणाला, "पाणी तर रोजच येतं. आणि टाकी आहे ना वर."

"रोज म्हंजे..." सिंधुबाईने सगळ्यांच्या हाताकडं बघितलं. एकाच्याही हातात बादली नव्हती. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंडक्टर खोटं बोलला नव्हता. भाजीवालीही नाही. तिच्या हातातला ग्लास आपोआप खाली गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

तान्हं पोर रडायला लागलं. आणि जिन्यातनं, शाल गुंडाळून, एकेक पायरी मोजत अंबूबाई वर आल्या.

"काय चाललंय हे? काय वाजलेत?"

तोवर तेजल मागं येऊन उभी राहिली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. क्षणात तिला सगळं कळलं. मनमाडच्या पोरीला ते समजावून सांगावं लागलं नाही.

"मावशी, माफ करा," ती म्हणाली. "आमच्या मनमाडला अठरा दिवसांनी पाणी येतं. पहिलं ज्याला कळतं तो सगळ्यांना उठवतो. आईला वाटलं..."

"आत्ता गं बया," तृप्तीला हसू फुटलं. चंदरही हसला. कागदपत्रंवाले काका मनमाडचं नाव ऐकून "हां हां, बरोबर" म्हणत आत गेले. एकेक दार लागलं. राहिल्या अंबूबाई.

त्या हसल्या नव्हत्या. "तेजल, आत चल जरा."

तिघी खोलीत आल्या. अंबूबाईंनी काठोकाठ भरलेले ड्रम बघितले, साबणाचा डबा बघितला आणि कपाळाला हात लावला. "हे बघ पोरी, मी स्पष्ट बोलते. माझं बीपी आहे. तिसऱ्या पायरीवर मला चक्कर आली. आज हे, उद्या आणखी काही. या वयात माणसाच्या सवयी जात नाहीत, माझ्या जात नाहीत तर यांच्या काय जाणार? तू मात्र चांगली मुलगी आहेस. सरकारी नोकरी, सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. मी नियम मोडते तुझ्यासाठी. तू एकटी राहा. भाड्यात दोनशे कमी देते. यांना भावाकडं पाठव. भाऊ आहे ना भुसावळला?"

"आहे."

"मग झालं तर. त्याचंच काम आहे ते."

सिंधुबाई ड्रमाला टेकून उभी होती. झालं. लेकीला खोली मिळाली, तिच्याशिवाय मिळाली. आता कडीकुलपाचीही गरज उरली नाही. आपण स्वतःच्या हातानं, नव्हे स्वतःच्या तोंडानं, ओरडून ओरडून स्वतःला घालवलं, असं तिला वाटलं. लेकीचं तरी भलं झालं, असं ती मनाला सांगायला लागली, पण मन काही ऐकेना. तिला पहिल्यांदा धडधडीत कळलं, की तिला इथंच राहायचं होतं. या गावात, या पोरीजवळ, रोज काहीतरी नवीन विचारत. आणि नेमकं आता कळलं.

"नाही मावशी," तेजल म्हणाली. "मग खोली नको मला."

"अगं, सात घरं फिरलीस ना? तूच सांगितलंस मला."

"फिरले. आणखी फिरेन." तेजलनं अंथरुणाची घडी घालायला घेतली. "तुम्ही झोप मोडली म्हणताय, ती मोडलीच, त्याची माफी मागते. पण माझ्या आईनं गेली तीस वर्षं स्वतःची बादली लावायच्या आधी दुसऱ्याला हाक मारलीय. तिला तुम्ही सवय म्हणताय. मला ती तशीच हवीय. खोलीसाठी नकोय मला आई. आई हवीय म्हणून खोली बघत होते."

 अंबूबाईंनी चावीसाठी हात पुढं केला. "तुझी मर्जी. पाणी तेवढं ओतून जा, ड्रम गंजतात."

"ओतायचं?" सिंधुबाईच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं पदर खोचला, बादलीनं ते पाणी खाली नेलं आणि अंगणातल्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं. चार खेपा केल्या. तेजल तिच्याबरोबर दोन्ही हातांनी डबे घेऊन खाली-वर करत होती.  शेवटच्या खेपेला तेजल फसकन हसली, आणि मग सिंधुबाईही हसायला लागली, आणि दोघींना पायरीवर बसून हसू आवरेना.

सातच्या सुमारास दोघी फाट्यावरच्या टपरीवर चहा घेत बसल्या. थंडी मरणाची होती. पिशवी पायाशी, खोली नाही, आणि तेजलला पंधरा दिवसांत नाशिकला हजर व्हायचं होतं.

"काल बोलले ते चुकलं माझं," सिंधुबाई म्हणाली.

"माझंही चुकलं. तुला विचारायला हवं होतं." तेजल बशीत चहा ओतता ओतता थांबली. "आता विचारू?"

"इचार की."

"राहशील माझ्याजवळ?"

"फोन लाव भूषणला," सिंधुबाई म्हणाली.

तेजलनं लावला. भूषण झोपेतच होता. "हां आई, निघालीस का? कुठली गाडी?"

"मी यायची नाय रे भुसावळला. सुट्टीत येईन. पोरांना बघायला येईन, पण राहायला नाय."

"म्हणजे? मग राहणार कुठं?"

"तेजूजवळ. नाशकात."

"आई, तुला कळतंय का काय बोलतेयस? लोक..."

"लोकांचं राहू दे. तू ऐक. तेजूला आत्ता खोली मिळत हुती. चांगली, डोंगर दिसणारी, भाडं बी कमी. मला सोडून एकटी राहा म्हणले, तर तिनं चावी परत दिली. आता तूच सांग, अशा पोरीला सोडून मी कुठं जाऊ?"

पलीकडून काहीच आवाज येईना. सिंधुबाईला वाटलं, फोन कटला. मग काहीतरी खडखडलं, भूषण हळू आवाजात काहीतरी म्हणाला, आणि सविता बोलली.

"आत्या, हे गप्पच झालेत. राहू द्या त्यांना जरा. तुमची मनमाडची भांडी मी येऊन बांधून देते. पत्ता सांगा, कुठं पाठवायची?"

"पत्ता अजून नाय गं बाई. रस्त्यावर बसलोय आम्ही."

"मग मिळाला की सांगा," सविता म्हणाली. "तोवर मी खोकी जमवते."